आग्रा रस्त्यावरील तापलेले इंजिन : एका निदानपरंपरेचा इतिहास

मुंबईहून आग्र्यास जाणारा हमरस्ता धुळ्याहून उत्तरेकडे निघाला म्हणजे नरडाण्यावरून सावळद्यास येतो, तेथे तापी ओलांडतो आणि अरुणावतीकाठच्या शिरपूर गावास लागतो. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ या नावाने तो दीर्घकाळ ओळखला गेला. २०१० साली महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले तेव्हापासून त्याचा हा भाग क्रमांक ५२ च्या महामार्गात मोडतो. शिरपूर सोडल्यावर काही अंतर सपाटी, मग पळासनेरच्या बाजूला सातपुड्याची चढण आणि मध्य प्रदेशाच्या हद्दीत बिजासनचा घाट, अशी या मार्गाची रचना आहे. जवळचे रेल्वेस्थानक तापीपलीकडे नरडाण्यास असल्यामुळे तालुक्याचा बहुतेक व्यवहार आजवर याच रस्त्यावर चालत आला. वैशाखात येथे पारा ४२-४३ अंशांवर सहज चढतो. सपाटीवर तासभर तापत आलेली मोटार आणि तिच्यापुढे एकदम उभा राहणारा घाट, असा योग येथे जुळून येतो. म्हणून झाकण वर करून, वाफ सोडीत, सावलीला उभी असलेली मोटार हे या रस्त्याचे एके काळचे नित्याचे दृश्य होते.

या घटनेचे लोकांत रूढ असलेले स्पष्टीकरण अगदी साधे आहे. खानदेशचे ऊन असे, तेव्हा गाडी तापायचीच. तापली की पाणी घालायचे आणि पुढे निघायचे. या स्पष्टीकरणातील पहिला भाग अर्धसत्य आहे व दुसरा भाग एका विशिष्ट काळापुरता सत्य होता. तो काळ केव्हाच संपला, उपचार मात्र टिकून राहिला आणि पुढे त्यानेच कित्येक इंजिनांचा घात केला. भाषेत ज्याप्रमाणे एखादा प्रत्यय त्याचे मूळ कार्य नाहीसे झाल्यावरही रूपाला चिकटून राहतो, त्याप्रमाणे व्यवसायातील एखादी कृतीही तिचे कारण नष्ट झाल्यावर हातात उरते. आग्रा रस्त्यावरील पाण्याची बादली हे अशा अवशिष्ट कृतीचे उत्तम उदाहरण होय.

प्रथम उन्हाचा हिशेब पाहू. पेट्रोलच्या ज्वलनातून निघणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने पाव हिस्सा चाके फिरविण्याच्या कामी येतो, एक तृतीयांशाच्या आसपास धुराबरोबर निघून जातो आणि जवळजवळ तितकीच उष्णता इंजिनाभोवतीच्या पाण्याला वाहून न्यावी लागते. लहान मोटार घाटात ताशी ६ लिटर पेट्रोल जाळते असे धरले, तर पाण्यात उतरणारी उष्णता तासाभरात सुमारे १९० लिटर थंड पाणी उकळीस आणण्याइतकी भरते. ती सगळी रेडिएटरच्या जाळीतून वाऱ्यावर सोडून द्यायची असते. सोडण्याचा वेग मुख्यतः पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील अंतरावर ठरतो. पाणी ९० अंशांवर व हवा ३० अंशांवर असता हे अंतर ६० अंश. हवा ४३ अंशांवर गेली की ते ४७ वर येते. याचा अर्थ असा की, खानदेशचा उन्हाळा रेडिएटरची शक्ती साधारण एक पंचमांशाने कमी करतो. ही घट लहान नव्हे. पण सुस्थितीतील शीतनव्यवस्थेत तेवढी शिल्लक शक्ती ठेवलेली असते. ज्या मोटारीची शिल्लक आधीच गंजाने, गाळाने आणि क्षाराने खाऊन टाकलेली आहे, तीच मोटार या पंचमांशाने उघडी पडते. ऊन रोग उत्पन्न करीत नाही. लपलेला रोग बाहेर काढते. डिसेंबरातील थंड पहाटे तीच मोटार तोच घाट निमूटपणे चढून जाते आणि धन्याला वाटते की तिच्यात काही दोष नाही.

‘पाणी घालणे’ हा उपचार कोठून आला, हे समजण्यासाठी मोटारीच्या आरंभापर्यंत मागे जावे लागते. कार्ल बेंझ याने १८८६ साली एकस्व घेतलेल्या तीनचाकी गाडीत पाणी उकळून जाणे हा बिघाड नव्हता, तीच योजना होती. इंजिनाभोवतीचे पाणी उकळे, वाफेबरोबर उष्णता जाई आणि गेलेल्या पाण्याची भरपाई वाटेत करावी लागे. १८८८ साली त्याची पत्नी बेर्टा बेंझ हिने मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास केला, त्यात जागोजागी पाणी मिळविणे हा नित्यक्रमच होता. पुढे १९०१ च्या मर्सिडीझ गाडीसाठी विल्हेल्म मायबाख याने मधाच्या पोळ्यासारखी जाळी बनविली. तीत ८,०७० बारीक नळ्या होत्या. यानंतर पाणी उडवून न देता तेच ते पाणी फिरवून थंड करणे ही रीत कायम झाली. या जाळीला पडलेले ‘रेडिएटर’ हे नाव जाता जाता तपासण्याजोगे आहे. तिचा शब्दार्थ किरण टाकणारी वस्तू असा होतो; प्रत्यक्षात तिच्यातील फारच थोडी उष्णता किरणांच्या रूपाने जाते, बहुतेक सारी वाहत्या हवेबरोबर जाते. शास्त्रदृष्ट्या चुकीचे नाव व्यवहारात पक्के बसले की ते उपटून काढता येत नाही, याची साक्ष गॅरेजातही मिळते.

मधल्या टप्प्याकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी नगांहून अधिक बनलेली फोर्डची ‘मॉडेल टी’ आणि तिच्यामागून आलेल्या ऑस्टिन सेव्हनसारख्या कित्येक लहान इंग्रजी गाड्या यांत पाणी फिरविण्यासाठी पंप नसे. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, रेडिएटरच्या वरच्या टाकीत जाते, जाळीतून थंड होत खाली उतरते आणि पुन्हा इंजिनात शिरते. एवढ्यावरच सारे चाले. या व्यवस्थेला एक अट होती. पाण्याची पातळी वरच्या नळाच्या तोंडाखाली गेली की फेरा तुटे. मग रेडिएटर अर्धा भरलेला असूनही निरुपयोगी ठरे आणि इंजिन भराभर तापे. अशा गाडीत ‘पाणी कमी झाले म्हणून तापली’ हे निदान अचूक होते व ‘पाणी घाला’ हा उपचारही अचूक होता. मुंबई इलाख्यातील मोटारचालकांची पहिली पिढी याच गाड्यांवर शिकली. त्या पिढीने पुढच्या पिढीला बादली दिली आणि बादलीबरोबर निदानही दिले.

नंतरच्या गाड्यांत मात्र तीन गोष्टी नव्या आल्या: पाणी रेटणारा पंप, ठरावीक उष्णतेपर्यंत पाण्याची वाट अडवून धरणारा थर्मोस्टॅट आणि दाब धरून ठेवणारे झाकण. झाकणाचे महत्त्व पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. उघड्या भांड्यात पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळते आणि दर ३०० मीटर उंचीमागे हा बिंदू साधारण एका अंशाने खाली येतो. झाकणाने चौरस इंचास ७ पौंडांचा दाब धरला तर उकळबिंदू ११० अंशांच्या वर जातो. झाकणातील रबर कडक झाले किंवा स्प्रिंग सैल पडली की हे दहा-बारा अंश हातचे जातात आणि मुळात न उकळणारे पाणी उकळू लागते. थोडक्यात, नव्या व्यवस्थेत पाणी बंद मंडलात फिरते. ते आपोआप कमी व्हावयाचे नसते. कमी झाले असेल तर त्यामागे काही कारण असलेच पाहिजे. जुन्या गाडीत पाण्याची तूट हे कारण होते. नव्या गाडीत ती खूण झाली. बादलीला हा फरक कळला नाही.

ज्या गाड्यांना आज आपल्याकडे जुन्या जमान्याच्या गाड्या म्हणून जपतात त्या बहुतेक या दुसऱ्या प्रकारातील आहेत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली ती १९५० नंतरच्या दशकात. हीच पुढे, १९७० नंतर, प्रीमियर पद्मिनी झाली. हिंदुस्थान मोटर्सची अॅम्बॅसडर मॉरिस ऑक्सफर्डच्या आराखड्यावर उत्तरपाड्यात बनू लागली आणि २०१४ पर्यंत बनत राहिली. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास जीप जुळविण्यास आरंभ केला. दुसरीकडे, शिवडी येथे १९२८ पासून मोटारी जुळविणारी जनरल मोटर्स कंपनी १९५४ साली येथील काम आटोपून गेली. परदेशी गाड्यांचे सुटे भाग दुर्मीळ झाले, नव्या देशी गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागू लागले आणि एकेक मोटार वीस-वीस, तीस-तीस वर्षे चालविणे भाग पडले. एवढ्या काळात तिच्या पोटात किती विहिरींचे पाणी गेले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

हे पाणीच या प्रकरणातील खरा आरोपी आहे. शिरपूर तालुक्यात एका बाजूला बेसॉल्ट खडक आणि दुसऱ्या बाजूला तापीचा गाळथर अशी भूरचना आहे. भूगर्भतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांनी या दोन्हींत पाणी मुरविण्याचे जे प्रयोग केले त्यामुळे जलसंधारणाच्या चर्चेत ‘शिरपूर पॅटर्न’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. या खडकांतून वर येणारे पाणी पिकाला जीवन देणारे असले तरी त्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळदा विरघळलेले असतात. पाणी तापले की हे क्षार इंजिनाच्या आतील भिंतींवर पांढरट पापुद्र्याच्या रूपाने बसतात. हा थर उष्णतेला फार अडवितो. एक मिलिमीटर जाडीचा क्षार म्हणजे निदान २५ मिलिमीटर जाडीची लोखंडी भिंत मध्ये घातल्यासारखे होते. घाटात उकळलेल्या गाडीत रस्त्याकडेच्या विहिरीची बादली ओतली की त्या दिवसाचा प्रश्न सुटतो आणि थर थोडा वाढतो. थर वाढला की पुढच्या उन्हाळ्यात गाडी लवकर उकळते आणि बादलीही लवकर लागते.

रेडिएटरला बारीक गळती लागली तर त्यात चिमूटभर हळद टाकण्याची वाटेवरची युक्ती याच जातीची आहे. हळदीचे कण छिद्रात जाऊन बसतात व गळती थांबते, हे खरे; मुक्कामाला पोहोचण्यापुरता तो उपाय चोख आहे. परंतु छिद्र आणि नळी यांतला भेद हळदीला कळत नाही. उरलेली हळद जाळीच्या अरुंद नळ्यांत साचते. जखमेवर हळद लावण्याच्या घरगुती सवयीने येथे रूपक पुरविले आहे, आणि रूपकाने रोग्याचे थोडे नुकसानच केले आहे.

रूपकाचा उल्लेख निघाला म्हणून मिस्त्रींच्या बोलीकडे वळणे क्रमप्राप्त आहे. या बोलीत परकीय शब्दांचा भरणा मोठा आहे. ‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’पासून आला, ‘चावी’ आणि ‘बादली’ हेही त्याच भाषेतून आले. रेडिएटर, गॅस्केट, पंप, बेल्ट हे इंग्रजी. ठिणगी वाटून देणाऱ्या यंत्राला कित्येक मिस्त्री ‘डेल्को’ म्हणतात; ते मुळात अमेरिकेतील एका कंपनीच्या नावाच्या आद्याक्षरांचे संक्षिप्त रूप आहे, हे म्हणणाऱ्याच्या गावीही नसते. म्हणजे वस्तूंची नावे बव्हंशी उसनी आहेत. व्यथेची नावे मात्र उसनी नाहीत. गाडी तापते, धापा टाकते, पाणी पिते, ऑइल खाते, तिचे इंजिन बसते. ग्रियर्सनने ‘भारतीय भाषांची पाहणी’ या ग्रंथमालेच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) ज्या खानदेशी बोलीचा परामर्श घेतला, त्या अहिराणीतही ‘गाडी तपनी’ असेच म्हणतील. क्रियापद तेच, भूतकाळाचा प्रत्यय तेवढा स्थानिक. ‘तापणे’ आणि ‘ताप येणे’ यांचा संबंध बोलणाऱ्याच्या मनात जागा असो वा नसो, या शब्दाने निदानाची एक दिशा सुचविली आहे. ताप हा रोग नव्हे, रोगाचे लक्षण होय, हे वैद्यकाचे जुने वचन प्रत्येकाला माहीत असते. ज्या तीरावर हे शब्द वापरले जातात त्या नदीचे नावही तापीच, आणि पुराणपरंपरेने ती सूर्याची कन्या ठरविली आहे. पण या योगायोगावर व्युत्पत्तीची इमारत उभारण्याचे कारण नाही.

चांगल्या मिस्त्रीचे निदान प्रश्नांनी सुरू होते, पान्याने नव्हे. गाडी केव्हा तापते, हा पहिला प्रश्न. गावात, गर्दीत, उभ्या उभ्या तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर आपोआप निवत असेल, तर वारा कमी पडतो आहे; पंखा, त्याचा पट्टा आणि जाळीत अडकलेले किडे, काडीकचरा, चिखल यांकडे पाहिले पाहिजे. उलट, उभी असताना शांत असलेली गाडी वेग धरल्यावर तापत असेल, तर पंख्याचा दोष नव्हे, कारण वेगात वारा स्वतःच मिळतो. मग पाणी पुरेसे फिरत नाही असा अर्थ होतो. रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्या असतील, पंपाची पाती झिजली असतील, किंवा खालचा रबरी पाइप मऊ पडून पंपाच्या ओढीने चपटा होत असेल. हा शेवटचा दोष फसवा असतो. गाडी उभी केली की पाइप पुन्हा फुगतो आणि तपासणाऱ्याला काहीच दिसत नाही. फक्त घाटात तापत असेल तर वरील सर्व शक्यता उरतातच, शिवाय इंजिन वाजवीपेक्षा अधिक उष्णता निर्माण करीत आहे काय हाही प्रश्न येतो. ठिणगी उशिरा पडत असली की जळण्याची क्रिया लांबते आणि जी उष्णता दट्ट्या ढकलण्यात खर्च व्हावयाची ती धुराच्या वाटेजवळच्या भिंतींत शिरते. मिस्त्री याला ‘टायमिंग मागे पडले’ म्हणतात. ब्रेक चिकटून राहणे किंवा क्लच घसरणे यांनीही इंजिनावर विनाकारण भार पडतो, आणि रेडिएटर पुन्हा पुन्हा धुऊन तो दूर होत नाही.

फियाट आणि अॅम्बॅसडर या दोहोंत एकच पट्टा पंखा, पंप आणि डायनॅमो फिरवितो. म्हणून इंजिन तापत असतानाच चार्जिंगचा तांबडा दिवा लागला, तर बाकी काही न पाहता पट्टा पाहावा. तो तुटला तरी असतो किंवा घसरत तरी असतो. दोन लक्षणे एकत्र आली की कारण निश्चित होते, याचे हे सोपे उदाहरण आहे.

दुसरी परीक्षा हाताची. इंजिन चालून तापल्यावर वरचा पाइप कढत आणि खालचा जवळजवळ थंड लागला, तर पाणी अडले आहे: थर्मोस्टॅट मिटलेला राहिला आहे किंवा जाळी तुंबली आहे. दोन्ही पाइप सारखेच कढत लागले तर पाणी फिरते आहे, पण उष्णता टाकीत नाही. दोष वाऱ्याचा आहे. जाळीच्या अंगावरून, पंखा थांबवून, हात फिरविला असता एखादा पट्टा थंड लागला तर तेवढ्या नळ्या बुजल्या असे समजावे. थर्मोस्टॅटची परीक्षा पातेल्यात होते. तो पाण्यात दोऱ्याने टांगून, शेजारी उष्णतामापक धरून पाणी तापवीत न्यावे. ८० अंशांच्या थोडे पुढेमागे त्याचे तोंड उघडू लागले पाहिजे.

थर्मोस्टॅटच्या बाबतीत उष्ण प्रदेशांत एक प्रथाच पडून गेली: तो काढून फेकून द्यावयाचा. ‘आपल्याकडे थंडी नाही, तेव्हा त्याचे काम काय?’ असा युक्तिवाद केला जातो. पुष्कळ इंजिनांत तो काढल्याने उन्हाळ्यात अपाय दिसत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आडवाट बंद करतो, तेथे तो काढला की ती आडवाट कायमची उघडी राहते आणि पाण्याचा एक भाग रेडिएटरकडे न जाता परस्पर इंजिनात परततो. मग थर्मोस्टॅट काढल्याने गाडी अधिकच तापते. याचे ‘पाणी फार वेगाने पळते, त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही’ असे जे स्पष्टीकरण सर्रास ऐकू येते ते चुकीचे आहे. पाणी वेगाने फिरल्याने उष्णता जास्तच वाहून जाते. निरीक्षण खरे आणि उपपत्ती खोटी, असा हा प्रकार. शिवाय खानदेशात पौषातील पहाट चांगलीच गारठ्याची असते. थर्मोस्टॅटविना इंजिन बराच वेळ थंड राहते, पेट्रोल जास्त खाते आणि झिजते.

सर्वांत गंभीर शक्यता शेवटी तपासली जाते, वस्तुतः ती आधी तपासावयास हवी. हेड आणि ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट फुटले असेल तर जळत्या वायूचा दाब पाण्यात शिरतो. इंजिन थंड असताना रेडिएटर काठोकाठ भरून, झाकण न लावता ते चालू करावे. पाणी तापण्यापूर्वीच बुडबुडे येऊ लागले तर संशयाला जागा राहत नाही. ऑइल दुधासारखे पांढुरके होणे, इतर प्लग काळे असताना एखादाच धुतल्यासारखा स्वच्छ दिसणे, शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम कमी भरणे, ही त्याची इतर लक्षणे. येथे फियाट आणि अॅम्बॅसडर यांच्या प्रकृतीतला भेद निर्णायक ठरतो. अॅम्बॅसडरच्या जुन्या इंजिनाचे हेड बिडाचे. ते पुष्कळ छळ सोसते. फियाटचे हेड अॅल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा. अॅल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. पद्मिनी दोन-तीनदा नीट उकळली की हेड वाकते, मग गॅस्केट जाते, गॅस्केट गेल्याने ती पुन्हा उकळते. मिस्त्री हेड सपाट घासून देतो, पण घासण्यालाही मर्यादा आहे. प्रत्येक वेळी थोडा धातू जातो आणि इंजिनातील दाब वाढतो. अशा तापलेल्या इंजिनात घाईने ओतलेली थंड पाण्याची बादली हा तर सरळ आघात होय. झाकण उघडण्यापूर्वी निदान अर्धा तास थांबावे, मग इंजिन संथ चालू ठेवून पाणी धारेने घालावे, एवढे पथ्य पाळले असते तर कित्येक ब्लॉक तडकण्यापासून वाचले असते.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. भर दुपारी चहासाठी थांबलेली गाडी दहा मिनिटांनी सुरूच होत नाही, आणि ‘तापली’ असे म्हणून रेडिएटरवर पाणी मारले जाते. यात रेडिएटरचा दोष बहुधा नसतो. इंजिन थांबल्यावर त्याच्या अंगच्या उष्णतेने पंपातील किंवा नळीतील पेट्रोलची वाफ होते आणि वाफ ओढण्यास पंप असमर्थ ठरतो. ओले फडके पेट्रोलपंपावर गुंडाळण्याची जुनी युक्ती येथे योग्यच आहे. कॅनव्हासच्या पिशवीतले किंवा माठातले पाणी ज्या नियमाने गार होते, त्याच नियमाने पंप गार होतो. एकाच ‘तापणे’ या क्रियापदाने दोन भिन्न व्याधी दर्शविल्या जातात आणि त्यामुळे उपचार भलतीकडे होतो; मिस्त्रींच्या बोलीचा हा उणेपणा नमूद केला पाहिजे.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. आडवे बसविलेले इंजिन आणि गरजेपुरता फिरणारा विजेचा पंखा यांमुळे घाटात झाकण वर करण्याची रीत हळूहळू मावळली. पद्मिनीचे उत्पादन विसाव्या शतकाबरोबर संपले. मुंबईतील तिची शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरताच ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली. मिस्त्रींची जी नवी पिढी तयार झाली तिला संगणकाने दिलेला दोषक्रमांक वाचता येतो. पाइप हाताने चाचपण्याचा प्रसंग तिच्यावर क्वचितच येतो.

यामुळे जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांपुढे प्रत्यक्ष अडचण उभी राहिली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या खाजगी गाड्यांना ‘व्हीए’ ही स्वतंत्र अक्षरमाला देण्याची तरतूद झाली. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन यांत भरीव फेरबदल झालेले नसावेत. १९७५ पूर्वीच्या फियाट, अॅम्बॅसडर, जीप आज या वयात बसतात. अशा गाडीचा ब्लॉक तडकला, तर दुसऱ्या जातीचे इंजिन बसवून ती चालती करता येईल, पण तिचा दर्जा धोक्यात येईल. पूर्वी चुकीच्या निदानाची किंमत एका दुरुस्तीपुरती होती. आता ती सबंध गाडीइतकी आहे. त्यातच पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचे प्रमाण २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर गेले. इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरचे मिश्रण त्याच्या मूळ मापापेक्षा पातळ पडते. पातळ मिश्रण सावकाश जळते आणि धुराच्या वाटेकडील झडपा अधिक तापतात. जेट थोडे मोठे करणे व टायमिंग पुन्हा लावणे हा त्यावरचा मार्ग आहे. रेडिएटर नवा घालून हा ताप उतरत नाही.

मुख्य दुरुस्ती म्हणजे क्षार आणि गाळ काढणे. रेडिएटर उतरवून पाणी उलट्या दिशेने, खालून वर, जोराने सोडले जाते. तेवढ्याने भागले नाही तर वरची पितळी टाकी डाग सोडवून वेगळी करतात आणि प्रत्येक नळीतून पातळ सळई फिरवितात. तांब्यापितळेचा जुना रेडिएटर असा पुन्हा पुन्हा उघडता व डागता येतो. प्लॅस्टिकची टाकी आणि अॅल्युमिनियमची जाळी असलेल्या नव्या रेडिएटरला ही सोय नाही. ब्लॉककडे मात्र बहुधा दुर्लक्ष होते. पाणी सोडण्याची तोटी उघडून काही येत नसेल तर आत पाणी नाही असे न समजता तारेने टोचून पाहावे. शेवटच्या सिलिंडरापाशी गंजाचा चिखल घट्ट बसलेला आढळतो आणि तो काढण्यासाठी बाजूच्या पत्र्याच्या बिळ्या उपटाव्या लागतात. त्यानंतर विहिरीचे पाणी घालू नये. ऊर्ध्वपातित पाण्यात गंजरोधक शीतनद्रव मिसळून भरावे. नंतर गाडी भर दुपारी बिजासनच्या घाटात चढवावी आणि काटा माथ्यावर कोठे गेला व उतरणीवर कोठे परतला याची नोंद ठेवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, झाकण उघडून पाणी जेथल्या तेथे आहे की नाही हे पाहावे लागते.